गरम पाण्याची कोरी फेरी

ग्रिसेल्दाचा नवरा जाऊन चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. याचं तिला नवल वाटायचं, पण तेसुद्धा बेताचंच. एलादियो भुईमुगाच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा. एका दुपारी जेवला, "जरा पडतो" म्हणाला आणि पडला तो उठलाच नाही. पावणेपाचला तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग शेजारच्या बाईला बोलावलं, फोन केले, आणि पलंगाखाली वेडेवाकडे पडलेले त्याचे बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी दफन झालं. पुढच्या सोमवारी ती कामावर हजर. गावातले लोक म्हणाले, बाई मोठी खंबीर. ग्रिसेल्दाच्या मनात आलं, खंबीर तर टेबलही असतं, त्याचं कुणी कौतुक करत नाही.

काम विद्यापीठात होतं, रसायन विभागाच्या अगदी मागच्या खोलीत. शाळा सोडली तेव्हा ती इथे बाटल्या धुवायला लागली होती. बाटल्या धुता धुता इतकी स्वच्छ धुवायला लागली, की डॉक्टर बेर्तोरेलोंनी एक दिवस तिला बोलावलं आणि तबक तिच्या ताब्यात दिलं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पदवी कसली म्हणून नाही, पण तबकाच्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. डॉक्टर स्वतः आत आले तरी ती म्हणायची, "मिशी घेऊन मागे व्हा जरा."

तबक म्हणजे पांढऱ्या टेफ्लॉनचं, जेवणाच्या ताटाएवढं पण लांबोडकं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. दोन्ही टोकांना दोन आडवे दांडे. ते सावकाश एकमेकांकडे सरकतात आणि पाण्याच्या पाठीवर जे काही पसरलेलं असेल ते दाटीत आणतात. मध्ये वरून नखाएवढी कागदाची पट्टी लोंबत असते, टोक पाण्याला टेकलेलं. पृष्ठभागावर दाटी वाढली की त्या पट्टीला कळतं, आणि पडद्यावर आकडा चढतो. एवढंच यंत्र. पण त्याला कुणाच्या बोटाचा ओशटपणा कळतो, केसाचं तेल कळतं, शेजारच्या खोलीत कुणी फरशी पुसली तर तेही कळतं. म्हणून दारावर ग्रिसेल्दाच्याच हाताची पाटी होती: या खोलीत खाऊ-पिऊ नये. कुणीही. डॉक्टरांनीसुद्धा.

गेली चार वर्षं तबकावर मायलेनच्या गोळ्या पसरल्या जात होत्या. मायलेन एकतीस वर्षांची, डॉक्टरेटच्या शेवटाला आलेली, बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्या गोळ्या म्हणजे पाणी पिऊन फुगलेल्या जेलीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या पोटात सोन्याचा एक कण. परीक्षानळीत घालून तापवल्या, की बत्तीस अंशांच्या पुढे त्या अंग चोरतात, आतलं पाणी ओकून निम्म्याअर्ध्या होतात. नळीतलं पाणी दुधासारखं दिसायला लागतं. गार केलं की पुन्हा फुगतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच गोळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर आल्या, की तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या पसरतात, पृष्ठभागाला धरून बसतात, आणि मग त्यांना तापवा नाहीतर निववा, फारसा फरक पडत नाही. जगातल्या जितक्या लोकांनी हे मोजलं होतं त्या सगळ्यांना असंच दिसलं होतं.

मायलेनला मात्र, गेल्या वर्षी गरम फेऱ्या सुरू केल्यापासून, फरक दिसला होता. गार पाण्यावर दांडे जवळ आले की आकडा बावीसवर जायचा. त्याच गोळ्या, तेवढीच दाटी, पण पाणी छत्तीस अंशांचं असलं की एकोणतीस. साताची उडी. पोटात सोनं असल्यामुळे गोळ्या पृष्ठभागावरसुद्धा उबेला ओ देतात, असं तिचं म्हणणं. प्रबंधाचं चौथं प्रकरण या सातावर उभं होतं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने हा आलेख पाहूनच तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रबंधाची जाहीर परीक्षा होती, म्हणजे तीन आठवड्यांनी. परीक्षक ब्वेनोस आयरेसहून आणि बाहिया ब्लांकाहून येणार होते, मायलेनची आई बसने व्हिया मेर्सेदेसहून.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतला नासारेनो तर अंडी जमवायला लागला होता. नव्या डॉक्टरला अंगणात उभं करून अंडी आणि पीठ फासायचं, हा इथला रिवाज, पण नासारेनो ती अंडी महिनाभर आधीच खोक्यात घालून गच्चीवर उन्हात कुजत ठेवायचा.

"आईसमोर नको रे," मायलेन म्हणाली.

"तुझ्या आईसाठी वेगळी ठेवलीयत. ताजी. पाहुण्यांचा मान असतो."

आता येर्बाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

विभागात सकाळी दहाला आणि दुपारच्या झोपेनंतर पाचला स्वयंपाकखोलीत येर्बाची, म्हणजे इथल्या कडवट पाल्याच्या चहाची, फेरी व्हायची. पेल्यासारखा पोखरलेला एकच सुका भोपळा, ओढायला एकच पत्र्याची नळी. भोपळ्यात येर्बाची पत्ती गच्च भरायची, वरून थर्मासातलं गरम पाणी, एकाने ओढून संपवायचं आणि परत द्यायचं, मग दुसऱ्याला. पाणी ओतायचं काम सत्तावीस वर्षं ग्रिसेल्दाकडे. कोण कडू घेतो, कुणाला डोंगरातला पेपेरिना पुदिना लागतो, कोण सर्दी लपवतो, सगळं तिला पाठ. एलादियो गेल्यावर ती पहिल्यांदा फेरीला बसली, तेव्हा भोपळा हातात घेणारा प्रत्येक जण मान तिरकी करून तिच्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशीही माना तिरक्या. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही, फक्त कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी तिने घरचा भोपळा आणला, आपला थर्मास उचलला आणि तबकाच्या खोलीत जाऊन बसली. स्वतःच्याच पाटीखालून गेली. बघितलं सगळ्यांनी, पण नुकत्याच विधवा झालेल्या बाईला पाटी कोण वाचून दाखवणार?

नोव्हेंबरातला एक गुरुवार. ग्रिसेल्दा घरून घाईत निघाली आणि थर्मास स्वयंपाकघरातल्या ओट्यावर विसरली. गरम फेरीसाठी तबक छत्तीस अंशांवर यायला चाळीस मिनिटं लागायची. एरवी ती चाळीस मिनिटं ती येर्बा ओढत काढायची. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसली. तबक तापलं, तिने चिमट्याने कागदाची पट्टी टांगली, गोळ्या पसरल्या, दांडे सोडले. आकडा बावीसवर येऊन थांबला.

मायलेन डोकावली. "किती?"

"बावीस."

"गरमला? बावीस कसं?"

"मला काय विचारतेस? मी काय आत बसलेय?"

"नमुना जुना असेल," मायलेन म्हणाली. "मार्चमधला आहे तो. टाकून दे, ही फेरी धरायलाच नको."

ग्रिसेल्दाने वहीत बावीस लिहिलं आणि पुढे मायलेनच्या सांगण्यावरून 'नमुना जुना' असं लिहिलं. मंगळवारी नवा नमुना आला. थर्मासही आला. आकडा एकोणतीस. मायलेनने तिच्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

तबक धुवायला घेताना ग्रिसेल्दाला चिमट्याच्या टोकाला काहीतरी हिरवं दिसलं. मोहरीच्या सालाएवढं. तिने ते उजेडाकडे धरलं. येर्बाची काडी.

ती स्टुलावर बसली. चित्र डोक्यात आपोआप लागत गेलं, कुणी दुसऱ्याच घरातली भांडी मांडावी तसं. नळी तुंबते. चाळीस मिनिटांत दोनदा तरी तुंबते, तिच्या भोपळ्याची नळी जुनी आहे, एलादियोची. मग हाताशी जे असेल त्याने ती काड्या उपसते. हाताशी चिमटा असतो. कागदाने पुसते आणि ठेवते. नंतर त्याच चिमट्याने पट्टी टांगते. गार फेरीला थांबावं लागत नाही, म्हणून गार फेरीला येर्बा नाही. येर्बा फक्त गरम फेरीला. आणि येर्बाला वर तो पांढरा फेस येतो, चांगल्या पत्तीची खूण म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात. जे फेस करतं ते पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, साबणाचा एक थेंब टाकून.

तिने तबक तीनदा धुतलं. कोरं पाणी भरलं, गोळ्या नाहीत, काही नाही. छत्तीस अंशांवर आणलं. भोपळ्यात चिमटा बुडवला, रोजच्यासारखा पुसला, पट्टी टांगली, दांडे सोडले. कोऱ्या पाण्यावर आकडा शून्य राहायला हवा. हळूहळू चढत तो सातवर गेला आणि थांबला. मग सगळं पुन्हा धुऊन, चिमटा ॲसिडातून काढून, तीच फेरी. शून्य.

गार पाण्याची कोरी फेरी ती रोज सकाळी करायची. गरमची कधी केली नव्हती. गार पाणी स्वच्छ तर गरमही स्वच्छ, असं धरून चाललेली. मायलेननेही विचारलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही.

आपल्याला धसका बसायला हवा, असं ग्रिसेल्दाला वाटलं. ती थोडा वेळ धसक्याची वाट बघत बसली. तो आला नाही. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले, तारीख घातली आणि घरी जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने मायलेनला तबकाच्या खोलीत बोलावून दार लावलं आणि सांगितलं. गॅसची टाकी संपलीय असं सांगावं, त्याच आवाजात. वही उघडून दाखवली, चिमटा दाखवला.

मायलेन आधी हसली. मग वही स्वतःकडे ओढून घेतली आणि पानं उलटत गेली, जूनपर्यंत, मग मागच्या वर्षापर्यंत. "तू कधीपासून इथे येर्बा घेतेस?"

"एलादियो गेल्यापासून."

"आणि माझा पहिला एकोणतीस?"

"त्याच्या नंतरच्या महिन्यातला."

मायलेन खुर्चीत बसली. बाहेर शेतावरून वारा सुटला होता आणि खिडकीच्या फटीतून धूळ आत येत होती. ग्रिसेल्दाने उठून ओलं फडकं फटीत कोंबलं.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग नको सांगूस." मायलेन वहीकडेच बघत होती. "परीक्षा होईपर्यंत. नंतर मी तिकडे जाऊन पुन्हा मोजीन, त्यांच्या तबकावर. कदाचित सात नाही, पण काहीतरी येईल. सोनं आहे पोटात, काहीतरी यायला हवं. ग्री, प्लीज."

"बरं," ग्रिसेल्दा म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे नाही सांगत."

मायलेनने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा वाद होईल म्हणून ती तयारीत होती आणि समोरून भिंतच नव्हती.

आठवडा गेला. ग्रिसेल्दा येत होती, तबक धुवत होती, गार फेऱ्या करत होती. भोपळा तिने घरीच ठेवला. रात्री झोप लागत होती. मायलेनला लागत नव्हती हे दिसायचं. तिचे डोळे सुजलेले, बोलणं अर्ध्यावर तुटायचं, आणि ती तबकाच्या खोलीसमोरून जाताना पलीकडच्या भिंतीला चिकटून जायची. नासारेनो म्हणाला, "बाळंतिणीसारखी दिसतेयस तू. अंडी अजून पिकायचीयत, दम धर."

शुक्रवारी रंगीत तालीम होती. विभागाच्या लहान खोलीत मायलेनने सगळा प्रबंध बोलून दाखवायचा आणि डॉक्टर बेर्तोरेलोंनी परीक्षक होऊन तिला पिडायचं. डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे, पोटाने मोठे, मिशीत क्रियोयितो पावांचा चुरा कायमचा. पहिल्या रांगेत ते, मागे दहाबारा जण, अगदी शेवटी दाराशी ग्रिसेल्दा. तिला यायची गरज नव्हती, पण डॉक्टर म्हणाले ये, म्हणून आली.

पहिली तीन प्रकरणं मायलेन छान बोलली. चौथ्याला आली तेव्हा आवाज पातळ झाला. पडद्यावर दोन रेघा आल्या, खाली गारची निळी, वर गरमची तांबडी.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "मी आता बाहिया ब्लांकाहून आलेला खडूस म्हातारा. मला जेवायला उशीर झालाय. मी विचारतो, बाई, हा फरक गोळ्यांचाच कशावरून? गरम पाण्याची कोरी फेरी केली होती का?"

मायलेनने तांबड्या रेघेकडे पाहिलं.

"हे विचारतीलच. केली होती, असं सांग आणि आकडा दाखव. ग्रिसेल्दा, केली होतीस ना?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मायलेननेही. तिच्या तोंडावर विनंती नव्हती, काहीच नव्हतं, दात काढायला बसलेल्या माणसासारखी ती फक्त बघत होती.

'केली, शून्य' असे दोन शब्द ग्रिसेल्दाच्या तोंडात तयार होते. खोटंही म्हणता आलं नसतं, स्वच्छ चिमट्याने शून्यच आलं होतं.

"केली," ती म्हणाली. "मागच्या मंगळवारी. सात आलं."

"सात कसं येईल?"

"माझ्या चिमट्याला येर्बा होती. मी तबकाजवळ येर्बा घेते. वर्षभर घेतेय. चिमटा धुतल्यावर शून्य आलं. म्हणजे त्या तांबड्या रेघेतलं वरचं सगळं माझं आहे."

कुणीतरी मागे हसलं आणि हसू गिळलं. नासारेनो पायांकडे बघायला लागला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ ते त्या दोन रेघांकडे बघत राहिले. "मी हा आलेख वर्षभर भिंतीवर लावून ठेवलाय," ते शेवटी म्हणाले. "रोज बघतो. मलाही विचारायचं सुचलं नाही." मग पाय ओढत उठले. "परीक्षकांना मी कळवतो. डिसेंबर सोडा आता. मार्च."

मायलेनने कॉम्प्युटर बंद केला आणि सगळ्यांच्या मधून बाहेर गेली.

ती मागच्या पायऱ्यांवर सापडली, कचऱ्याच्या पिंपांशेजारी, भर उन्हात. ग्रिसेल्दा दोन पायऱ्या सोडून बसली.

"तू बरं म्हणाली होतीस," मायलेन म्हणाली.

"हो."

"मग?"

"त्यांनी विचारलं."

"त्यांनी विचारलं. मी गप्प बस म्हटलं, गप्प बसलीस. त्यांनी विचारलं, बोललीस. जो शेवटचा बोलेल त्याचं ऐकतेस का तू?"

ग्रिसेल्दाने यावर खरंच विचार केला. "बहुतेक. चौदा महिने असंच चाललंय. कुणी म्हणालं जेव, जेवते. म्हणालं झोप, झोपते."

"मग मी म्हणते, आत जा आणि सांग की चुकून बोललीस."

"ते आता कोण मानणार?"

मायलेनच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला आणि मग ती रडायला लागली. तोंड झाकून नव्हे, उघडं, पोरांसारखं, नाक गळत. "चार वर्षं गं," ती म्हणत होती, "चार वर्षं, आणि वर नळीतली काडी. आईने नवा ड्रेस शिवलाय. तिने बसचं तिकीट काढलंय. तुला काही वाटतच नाही का? एवढं करून बसलीस आणि चेहरा बघ, पोस्टाच्या रांगेत उभी असल्यासारखा."

"नाही वाटत," ग्रिसेल्दा म्हणाली. "मी वाट बघते वाटायची. त्याच्या दफनाला तुम्ही सगळे रडलात, तू पण रडलीस, आणि मी बघत होते की खड्डा सरळ खणलेला नाही. एक बाजू तिरकी होती. माझ्या डोक्यात तेवढंच. तेव्हापासून सगळं तसंच. तुझं वाटोळं केलं हे मला कळतं. पाढा कळावा तसं कळतं."

मायलेन नाक पुसत तिच्याकडे बघत राहिली.

"मग सांगितलंस कशाला? वाटत नाही तर गप्प बसणं सोपं होतं."

"तबकाचा आकडा होता तो." ग्रिसेल्दाने गुडघ्यावरची धूळ झटकली. "घरी मी सगळ्यांशी खोटंच बोलते. बरी आहेस का, बरी आहे. जेवलीस का, जेवले. वहीत मात्र कधी खोटा आकडा लिहिला नाही. आता कोण कशाला मला त्याबद्दल ओवाळणार आहे म्हणा, येर्बा तर मीच घातली."

दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. विभागाची दारं एकामागून एक लागत गेली. नासारेनो मागच्या बाजूने सायकल काढताना दिसला, त्याने हात अर्धा वर केला, मग खाली घेतला आणि गेला.

"किती फेऱ्या लागतील?" मायलेनने विचारलं.

"गार आहेत त्या चालतील. गरम सगळ्या नव्याने. नऊ धर."

"आज तबक रिकामं आहे?"

"आहे."

"पण तू कशाला हात नाही लावायचा. मी करणार. तू फक्त उभी राहा आणि मी चुकले तर सांग."

तेव्हा कुठे ग्रिसेल्दाला काहीतरी टोचलं. सत्तावीस वर्षांत तिच्या तबकावर असं कुणी तिला बोललं नव्हतं. टोचलं आणि बोथट झालं. "बरं," ती म्हणाली.

विभागात त्या दोघीच होत्या. मायलेनने चिमटे ॲसिडात टाकले, तबक स्पिरिटने पुसलं, पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं. ती घाईघाईत हात चालवायची, आणि ग्रिसेल्दा म्हणायची, "कोपरा राहिला. डावा." मायलेन डावा कोपरा पुसायची. "पाणी ओतताना थेंब उडवू नकोस. भिंतीवरून सोड." मायलेन भिंतीवरून सोडायची. गरम पाण्याची कोरी फेरी आधी झाली. शून्य. मायलेनने ती वहीत स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली.

"जर्मनांना काय लिहायचं?" तिने पाठमोरीच विचारलं.

"काय झालं ते लिही."

"येर्बा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागेल त्यांना. आणि प्रबंधात काय लिहू? चिमट्याच्या अस्वच्छतेमुळे?"

"येर्बामुळे लिही. चिमटा काय आपला आपण घाण झाला? तंत्रज्ञाचं नाव पण घाल."

"हसतील."

"हसू देत की. तुला नाही हसणार."

मायलेनने तबक पुन्हा धुतलं, गार पाणी भरलं आणि पट्टी टांगली. गोळ्यांचा थेंब या वेळी तापवण्याआधीच सुईच्या टोकाने पाण्याला नुसता टेकवला. डोळ्यांना काही दिसलं नाही, कधीच दिसत नाही. पाणी तसंच, वर दिव्याचा लांबट उजेड. चाळीस मिनिटं लागायची होती. दोघी स्टुलांवर बसल्या. एकतीस अंश. बत्तीस. परीक्षानळीत असत्या तर आता त्यांनी अंग चोरलं असतं. तेहतीस. छत्तीस झाले तशी मायलेनने कळ दाबली आणि दांडे निघाले, गोगलगायीच्या चालीने, दोन्हीकडून मध्याकडे. पडद्यावर रेघ चढायला लागली. पाच. अकरा. अठरा. मायलेनने खालचा ओठ दातात धरला होता. सोनं होतं पोटात, काहीतरी यायला हवं होतं. एकवीस. बावीस. बावीस दशांश तीन. दांडे येऊन थांबले. रेघ सरळ पुढे गेली.

जगातल्या सगळ्यांना आलं होतं तसंच.

मायलेनने डोकं टेबलावर, हातांच्या घडीत ठेवलं. रडत नव्हती, नुसती पडून होती. ग्रिसेल्दा बघत राहिली. पाठीवरची हाडं सदऱ्यातून दिसत होती. पोर आठवडाभर जेवली नसावी. ग्रिसेल्दाने हात पुढे केला आणि मध्येच थांबली, कारण हातात रबरी मोजा होता. काढावा की नाही, हे तिला ठरवता येईना. चौदा महिन्यांत तिने आपणहून कुणाला हात लावला नव्हता. लोकच येऊन तिला कवटाळायचे, आणि ती सोडतील तोवर उभी राहायची. शेवटी मोज्यासकट हात तिने त्या पाठीवर ठेवला. खालचा श्वास वरखाली होताना रबरातूनसुद्धा लागत होता. किती वेळ ठेवायचा असतो, हे तिला आठवेना, म्हणून ठेवूनच दिला.

"अजून आठ," मायलेन टेबलात तोंड खुपसून म्हणाली.

"आठ."

"आणि तो मोजा बदल आता. उन्हाचं क्रीम लावलंय मी पाठीला."

"तबकाला मी हात लावायचाच नाही म्हणालीस ना?"

"चिमटे धुवायला लागतील तुला," मायलेन म्हणाली. "मी एकटी कुठे कुठे बघू?"

ग्रिसेल्दाने मोजा उलटा करून काढला, पिंपात टाकला, आणि खोक्यातून नवा ओढून घेतला.